मुकी आई आणि उमरेडचं धुमाल

३ नोव्हेंबर, सोमवार

ही वही खरं तर माझी नाही. माजी सैनिकांच्या दवाखान्यात हर्षा मॅडम म्हणून मनाच्या नवीन डॉक्टरीण आल्या आहेत, त्यांनी ती ह्यांना दिली. रोज लिहायचं: झोप किती लागली, दचकलात किती वेळा, राग कुणावर आला. हे घरी आले, वही ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "तू लिही. तुले बोलायले लागते."

म्हणून लिहिते. पेशंट: रुपराव, निवृत्त हवालदार, वय बावन्न. लिहिणार: गोपिका, त्यांची बायको, तब्येत ठणठणीत.

झोप: तीन तास. (त्यांची. मी जागीच होते म्हणून नक्की सांगता येतं.) दचकणे: दोनदा. एकदा शेजारच्या मधुकररावांनी स्कूटरची डिक्की आपटली तेव्हा, एकदा मी शिंकले तेव्हा. राग: माझ्यावर, शिंकले म्हणून.

मॅडमच्या माहितीसाठी घराचे नियम. हे फौजेतून येऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून कुकरची शिट्टी काढून ठेवली आहे. वरण पातेल्यात शिजतं. दारावरची बेल काढली. फुगे आणायचे नाहीत. पापड मी मागच्या अंगणात जाऊन मोडते. दिवाळीत आम्ही भिवापूरला माझ्या भावाच्या, अमोलच्या शेतावर जातो आणि लोकांना सांगतो की मिरचीच्या कामाला मदत करायला गेलो. एवढं करूनही कुठे फाटकन वाजलंच, तर मी ह्यांचं मनगट धरते आणि म्हणते, "हे नागपूर हाये. दिघोरीचं घर. मी गोपिका. आज सोमवार." वार त्या दिवशीचा. चार वाक्यं पुरतात, पाचव्याची गरज कधी पडली नाही.

सीमेवर काय झालं ते ह्यांनी मला सांगितलेलं नाही. दुर्गेश नावाचा जोडीदार होता आणि तो परत आला नाही, एवढंच माहीत आहे. मी विचारलं की हे झाडांना पाणी घालायला उठतात. आमची निम्मी झाडं सडली आहेत.

९ नोव्हेंबर, रविवार

आमच्या पोरीने, काजलने, पोहे खाताना सांगितलं की तिचं लग्न ठरलंय. मुलगा अंकुर, मिहानमध्ये तिच्याच कंपनीत. आपल्याच कोष्टी समाजातला, उमरेडचा, एकुलता एक, खर्रा-तंबाखू खात नाही. मी देवापुढे साखर ठेवायला उठले आणि जाता जाता विचारलं, वडील काय करतात.

"पयले हातमाग होते."

"मंग?"

पोरगी पोह्यातले शेंगदाणे वेचत बसली. "आता त्याइची धुमाल पार्टी हाये."

नागपूरकडच्या माणसाला धुमाल समजावून सांगावं लागत नाही, पण मॅडम पुण्याच्या आहेत. मॅडम, एका मेटाडोरवर भोंगे चढवायचे, वर बेंजोवाला बसवायचा आणि पुढे अठरा माणसांनी ढोल-ताशे बडवत चालायचं. खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि म्हाताऱ्यांच्या कवळ्या हलतात. ह्याला आम्ही आनंद म्हणतो.

साखर परत डब्यात टाकली. मला काय हवं ते इथे स्पष्ट लिहून ठेवते: ह्या माणसाने मांडवात आपल्या पायावर उभं राहून आपल्या एकुलत्या पोरीचा हात द्यावा. एवढंच. बाकी साऱ्या जगाचं धुमाल खड्ड्यात जावो.

खरं सांगून टाकावं का? नाही. माझ्या मावसबहिणीच्या दिराला झटके यायचे, तर त्या घरातल्या तीन सोयरिकी मोडल्या. लोक 'मेंटल' म्हणतात आणि चहा अर्धा ठेवून उठतात.

१६ नोव्हेंबर, रविवार

पाहुणे आले होते. अंकुरचे वडील शालिकरामजी धिप्पाड आहेत, आणि साधं पाणी मागतात तेसुद्धा आरोळी ठोकून. जन्मभर ढोलाजवळ राहून कान गेलेत. आई भागीरथाबाई बारीक, गप्प, आणि समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून पाहणाऱ्या.

"इवाई, तुमी काई चिंता करू नोका," शालिकरामजी ह्यांना, म्हणजे होणाऱ्या व्याह्यांना, उद्देशून गरजले. "आपल्या पोट्ट्याच्या लग्नात दोन मेटाडोर लावतो. अख्खा उमरेड रोड हालला पायजे."

ह्यांचा कप बशीतल्या बशीत वाजायला लागला. मी पाहिलं आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आमच्याकडं मुका मांडव असते जी."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. आता खोटं बोल पण रेटून बोल. मी सांगितलं की हे सीमेवर असताना मी नवस बोलले होते: धनी सुखरूप घरी येऊ दे, पोरीच्या लग्नात बँड, ताशा, फटाका काही वाजवणार नाही. भागीरथाबाईंनी तिथल्या तिथे हात जोडले. शालिकरामजींचं तोंड मात्र पान फाटलेल्या ढोलासारखं झालं.

"तालुक्यातल्या साऱ्या लग्नात मी वाजवलं, अन् माह्या एकुलत्या पोट्ट्याचं लग्न मुकं? लोक का म्हनतीन?"

"देवीचा नवस हाये. चूप बसा," भागीरथाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "कोन्ती देवी वं?"

"मुकी आई," मी म्हणाले. "भिवापूरकडची."

ह्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सुपारी मागितली. त्यांच्या काही लक्षात आलं नाही, बरं झालं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

भागीरथाबाईंचा फोन. पुढच्या रविवारी, तीस तारखेला, मुक्या आईची ओटी भरायला जायचंय, दोघींनीच.

लगेच अमोलला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, मी देवी कुठून आनू?"

"बांधावर कडूनिंबाखाली तो दगड नाई का, ज्याच्यावर बसून तू बिडी वढतं? त्याले शेंदूर लाव."

"मंग मी बिडी कुठी वढू?"

"देवीची माफी माग अन् सोडून दे."

३० नोव्हेंबर, रविवार

अमोल कोणतंही काम सांगितलं त्यापेक्षा जास्त करतो. दगडाला शेंदूर, चांदीचे डोळे, हिरवं लुगडं. तोंड काढलेलं नाही, मुकी म्हणून. वर निंबाला घंटा टांगलेली, आणि तिचा लोलक काढून टाकलेला. मला हसू आवरेना, ते भागीरथाबाईंना भक्तीचं वाटलं असावं.

त्यांनी मनापासून ओटी भरली. मग म्हणाल्या, "मुकी हाये म्हंजे ऐकत चांगली असन. जे कोनाले सांगता येत नाई ते हिच्या कानात सांगाव." स्वतः आधी वाकल्या, बराच वेळ पुटपुटल्या, नाक पुसत उठल्या आणि दहा पावलांवर विहिरीच्या काठाला जाऊन माझ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग माझी पाळी.

दोन मिनिटं नुसते ओठ हलवून उठायचं असं ठरवून मी वाकले. पहिलं वाक्य होतं, "आई, तू खोटी हायेस, माफ कर." त्यानंतर थांबता आलं नाही. मी थकले म्हणाले. अकरा वर्षांत माहेरी एकटी एक रात्र राहिले नाही. पोरगी मोठ्याने हसली की मीच तिला चूप करते. हे दचकून स्कूटरच्या आडोशाला बसतात तेव्हा कधी कधी वाटतं की राहू द्यावं तिथेच आणि एकटीने जाऊन झणझणीत सावजी खाऊन यावं. त्या दुर्गेशचा मला राग येतो, मेलेल्या माणसाचा, कारण माझा नवरा त्याच्याजवळ राहिलाय. आणि हे मांडवात सगळ्यांसमोर जमिनीवर पडले तर मी काय करू, ते तू तरी सांग. माझा नवऱ्यावर खूप जीव आहे, हेही सांगितलं. दगडाला सांगायला लाज कसली.

रडले. शेंदूर नाकाला लागला. भागीरथाबाईंनी पाणी दिलं, "चांगलं केलंस वं" म्हणाल्या आणि अमोलकडून पाच किलो मिरची विकत घेतली. त्यांना काही ऐकू गेलं नसणार. दहा पावलं अंतर होतं, आणि त्याही ढोलाच्याच घरातल्या.

८ डिसेंबर, सोमवार

हे हल्ली मंगळवार-शुक्रवार दुपारी बाहेर जातात. कुठे? "दवाखान्यात." दवाखाना तर महिन्यातून एकदा असतो. शर्ट धुवायला घेतला तर खिशात कापसाचे बोळे आणि उमरेडच्या बसचं तिकीट. झोप: चार तास. दचकणे: विचारायला हिंमत झाली नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

अमोलचा फोन. शेजारच्या गावातल्या भीमाबाईने जावयाची दारू सुटावी म्हणून मुक्या आईपुढे महिनाभर गप्प राहायचा नवस केला. चौथ्या दिवशी जावई सुधारला. सासू बोलत नाही म्हटल्यावर त्याला प्यायचं कारणच उरलं नाही, असं अमोलचं मत. आता दर रविवारी पंधरा-वीस बायका येतात. "ताई, अर्धा बांध तुडवला, मिरची वाळवायले जागा नाई उरली."

घरी हे जेवताना ताटाच्या कडेवर बोटं वाजवत होते. तीन सावकाश, दोन पटपट. फौजेत असताना कधी नव्हती ती सवय. मला संशय आला म्हणून जवळ जाऊन तोंडाचा वास घेतला. बडीशेप. बडीशेप लोक कधी खातात ते मला चांगलं माहीत आहे.

४ जानेवारी, रविवार

सकाळी दूध आणायला गेलो असताना चौकात ट्रकचं टायर फुटलं. हे दुकानाच्या पायरीमागे बसले, हात डोक्यावर. मी मनगट धरलं, चार वाक्यं म्हटली. दूधवाल्याने पिशवी पुढे केली आणि दुसरीकडे पाहिलं, भला माणूस. उठल्यावर ह्यांनी मला विचारलं, "तुहा हात काहून कापते?" थंडी आहे, म्हटलं.

दुपारी काजलला बाजूला घेऊन माझा बेत सांगितला. कितीही नवस बोलला तरी लग्नात कुणी तरी हौशी फटाका लावणारच. त्यापेक्षा लग्नाच्या दिवशी बाबांना अमोलकडे ठेवू, कावीळ झाली म्हणून सांगू. हात मामा देईल.

पोरीचा असा आवाज मी लहानपणापासून ऐकला नव्हता. "बाबा नाई तर लग्न नाई. तू किती दिवस त्याइले कपाटात ठेवशीन, आई? अन् संगं तू बी काहून जाऊन बसतं त्या कपाटात?"

मी म्हटलं, "हळू बोल."

ती आणखी मोठ्याने म्हणाली, "नाई बोलत हळू." आणि खरंच बोलली नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज पाठलाग केला. नागपुरात तोंडाला दुपट्टा बांधलेली बाई सख्ख्या नवऱ्यालाही ओळखू येत नाही. हे दिघोरीहून उमरेडच्या बसमध्ये पुढे बसले, मी मागे. उमरेडला उतरून थेट शालिकरामजींच्या घरामागच्या जुन्या मागाच्या शेडमध्ये गेले. मी खिडकीला डोळा लावला.

आत अठरा पोरं ढोल गळ्यात घालून उभी, टिपऱ्या वर. शालिकरामजी भिंतीला टेकून गप्प. आणि स्टुलावर माझा नवरा, कानात कापूस, हातात लाल रुमाल. "एक," हे म्हणाले आणि रुमाल खाली केला. एकच ढोल वाजला. ह्यांचे डोळे मिटले, जबडा आवळला, कपाळावरून घाम ओघळला. पण स्टुलावरून उठले नाहीत. "आता तीन." रुमाल खाली. मग तीन सावकाश, दोन पटपट.

"पयल्या दिवशी रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावर बसले होते," माझ्या मागून आवाज आला. भागीरथाबाई. मी एवढी दचकले की डोकं गजावर आपटलं.

त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन हळद लावली आणि सगळं सांगितलं. "ढोलाच्या घरात नांदाचं म्हंजे ओठ वाचा लागते वं. तीस वर्सं झाली, याइचं एकबी भांडन मी कानानं ऐकलं नाई." म्हणजे मुक्या आईच्या कानात मी जे सांगितलं ते त्यांनी विहिरीच्या काठावरून पहिल्या शब्दापासून वाचलं होतं, ती खोटी आहे इथपासून. त्या म्हणाल्या, "मीबी तिच्यापुढं खरंच रडली. मंग खोटी कशी?"

त्यांनी नवऱ्याला सांगितलं, शालिकरामजींनी ह्यांना फोन केला. मॅडमनी ह्यांना आधीच म्हटलं होतं की आवाजाची सवय थोडी थोडी करायची, आणि आवाज आपल्या हाताने सुरू करायचा. ह्यांना फक्त आवाज देणारा माणूस मिळत नव्हता. आमच्या इवायाकडे आवाजाशिवाय दुसरं काही नाही.

आणि त्या शेडमध्ये ह्यांनी दुर्गेशचं सांगितलं. त्याचं लग्न ठरलं होतं. वरातीत काय काय वाजवायचं ते तो तोंडाने बँड वाजवून दाखवत होता, हे हसत होते, आणि तेवढ्यात गोळा पडला. एवढंच.

मला राग आला. खोटं कशाला लिहू. अकरा वर्षं मी पातेल्यात वरण शिजवलं आणि गोष्ट गेली शालिकरामजींना, ज्यांना ती धड ऐकूही आली नसेल.

परतीच्या बसमध्ये शेजारी बसलो. म्हटलं, मला का नाही सांगितलं. हे म्हणाले, "तुले सांगतलं असतं, तर तू घरातलं अजून एक काईतरी बंद केलं असतं."

ह्याचा अर्थ मला नीट कळला नाही. बंद करण्यासारखं आता उरलंय काय? थोड्या वेळाने म्हणाले, "अन् दुपट्टा बांधला तरी चप्पल तेच होते तुहे. फौजी हावो मी."

२१ फेब्रुवारी, शनिवार

लग्न काल झालं. उमरेड रोडवरच्या लॉनवर.

मांडव खरंच मुका होता. भटजींनी मंगलाष्टकं माइकशिवाय म्हटली. पाहुणे कुजबुजत होते, बऱ्याच जणांना मंगलाष्टकांना शब्द असतात हे पहिल्यांदा कळलं. ह्यांनी काजलचा हात अंकुरच्या हातात दिला. स्वतःच्या पायावर उभं राहून. मी पाहिलं, पुन्हा पाहिलं. मला जे हवं होतं ते झालं होतं. त्यानंतर मी निर्धास्त व्हायला हवं होतं.

शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, आणि भागीरथाबाई पुढे येऊन साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नवस फिटला. आता आईची परवानगी हाये." फाटकाबाहेर दोन मेटाडोर उभे होते, ते मी काळजीच्या नादात मंडप डेकोरेशनचे समजले होते. हे फाटकाशी जाऊन उभे राहिले. कानात कापूस नव्हता. खिशातून लाल रुमाल काढला, वर धरला आणि सगळ्या लग्नाला वाट पाहायला लावली. मग हात खाली केला.

पुढचं मला तुटक आठवतं. जमीन हलली. डोळे उघडले तर मी आहेराच्या टेबलाखाली होते, डोकं गुडघ्यात, अक्षतांची वाटी छातीशी घट्ट. श्वास येईना. टेबलक्लॉथ वर झाला आणि नवा सफारी घातलेला माझा नवरा गुडघ्यांवर रांगत आत आला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"गोपिका. हे नागपूर हाये. उमरेड रोडचं लॉन. मी रुपराव. आज शुक्रवार."

मी त्यांना सांगणार होते की पेशंट तुम्ही आहात. त्यांचा हातही कापत होता, पण त्यांनी सोडलं नाही. मग त्यांनी पाचवं वाक्य म्हटलं, जे मला अकरा वर्षांत सुचलं नव्हतं. "अन् आवाज आपल्या इवायाचा हाये."

आम्ही टेबलाखाली बसून तीन गाणी ऐकली. तिसऱ्याला ह्यांनी माझ्या मनगटावर बोटं वाजवली. तीन सावकाश, दोन पटपट. बाहेर काजल हसत होती, मोठ्याने, आणि तिला चूप करायला मी उठले नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

हर्षा मॅडमनी आज ही वही पहिल्या पानापासून वाचली. काही ठिकाणी हसल्या. मग म्हणाल्या, "ह्यात तुमची झोप कुठे लिहिली आहे?" मी म्हटलं, माझी तब्येत ठणठणीत आहे. त्यांनी ड्रॉवरमधून नवीन वही काढली आणि ह्यांच्या हातात दिली. "आता ह्यांची तुम्ही लिहा."

म्हणजे माझं काम गेलं. घरी येऊन रागाने सगळी फडताळं धुंडाळली, कुकरची शिट्टी सापडली, लावली आणि वरण ठेवलं. पहिल्या शिट्टीला माझ्या हातातला डाव खाली पडला. बाहेरून आवाज आला, "वरन हाये वं ते, गोपिका." पेपरचं पान उलटल्याचंही ऐकू आलं.

हे आता झाडांना पाणी घालायला गेलेत, म्हणून नवी वही पाहून घेतली. चोरून नाही, ओट्यावरच पडली होती. अक्षर किडेमकोडे.

पेशंट: गोपिका. झोप: साडेपाच तास, घोरली. दचकणे: एकदा, कुकर. राग: डॉक्टरिणीवर. आणि शेवटी एक रकाना, जो मॅडमनी दिलेलाच नाही, ह्यांनी पेनाने स्वतः पाडला आहे. हसणे: दोनदा.

रेघ वाकडी आली आहे. तेवीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला एक सरळ रेघ मारता येऊ नये, कमाल आहे.